डबकू बेडकाचा आवाज

एव्हरशाईन सिटीत माझ्या वरच्या मजल्यावर सदानंद राऊत राहतो. नाव तुम्ही ऐकलं नसेल, पण आवाज तुमच्या पोरांनी जेवता जेवता ऐकलाय. कार्टूनमधला आळशी हत्ती, घोरणारा राक्षस, स्वतःच्याच शेपटीला घाबरणारी मगर, सगळे याच्याच घशातून आलेत. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो पार्किंगवरून तावातावाने भांडायला लागला की मागे बसलेली मुलं एकमेकांना कोपर मारून हसतात आणि त्याचा मुद्दा तिथेच मरतो. मी त्याला म्हणतो, बाबा रे, तू आपलं लेखीच देत जा.

आम्ही दोघं एकाच नाटकमंडळीतले. मी विंगेत बसून प्रॉम्प्टिंग करायचो, तो विनोदी कामं करायचा. मोठा नट व्हायची त्याला फार हौस होती. ते काही जमलं नाही. कुणाच्या तरी ओळखीने डबिंगला गेला आणि तिथेच चिकटला. कानात मूळ परदेशी आवाज, समोर पडदा, आणि पडद्यावरच्या तोंडाच्या उघडझापीत आपलं मराठी बसवायचं, असं ते काम. दहा जणांना घाम फुटेल ते हा चहा पिता पिता करायचा.

मग डबकू आला. डबकू म्हणजे एक जाडजूड, बावळट बेडूक. दिग्दर्शिका सुझान म्हणाली, याला गावाकडचा आवाज पाहिजे. सदाने नाटकातला नेहमीचा गावंढळ काढून दाखवला. तिला तो शिळा वाटला. तेव्हा सदाने डोळे मिटले आणि त्याच्या तोंडून त्याचा थोरला भाऊ बोलला.

हा भाऊ, दयारामदादा, आगाशीकडे वडिलांची वाडी सांभाळायचा. केळी, पानवेली, थोडी फुलं. विहिरीवरची मोटर चालू केली की पाटाचं पाणी शेवटच्या केळीपर्यंत पोचायला वेळ लागतो. दादा विहिरीपाशी उभा राहून हाक द्यायचा, "पानी आलं का रं?" दुसऱ्या टोकाला लहानपणी सदा असायचा, पुढे दादाचा मुलगा केयूर. हाकेच्या आधी दादा घसा खाकरायचा आणि शेवटचा शब्द लांब ओढायचा. त्यांच्या घरात सगळेच त्या सुरात बोलायचे. सदाने तो खाकरण्यासकट उचलला आणि बेडकाला दिला. "पानी आलं का रं?" म्हणत डबकू कोरड्या डबक्यात उडी मारायचा आणि तोंडावर आपटायचा. काचेपलीकडे सुझान हसून हसून खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिली.

मला विचाराल तर या धंद्याची रीतच वाईट. सिंह शुद्ध बोलणार, कोल्हा शुद्ध बोलणार, आणि मूर्खाच्या तोंडी मात्र कुणाच्या तरी घरची बोली घालायची. दुसऱ्याच्या घरची असते तोवर कुणाला काही वाटत नाही. सदाने स्वतःच्या घरची घातली, आणि त्यालाही काही वाटलं नाही, हे मला आजही समजत नाही.

पहिला भाग दादाने वाडीतल्या घरी शेजारपाजार जमवून पाहिला. डबकू बोलला तेव्हा सगळ्यात मोठ्याने तोच हसला. मग त्याचं लक्ष बायकोकडे, प्रेमलावहिनीकडे गेलं. ती हसत नव्हती. तेव्हा कुठे हा आपलाच आवाज आहे हे त्याच्या ध्यानात आलं.

पुढचं सांगायला नको. कार्यक्रम घरोघरी गेला. आगाशीच्या बाजारात पोरं दादाच्या मागून बेडूकउड्या मारत यायला लागली. केयूरच्या लग्नात व्याह्यांच्या एका पाहुण्याने हौसेने फर्माईश केली, जरा ते पाण्याचं म्हणून दाखवा की. दादा कसंनुसं हसला आणि जेवायला न बसता घरी निघून गेला. वाडीतली हाकही त्याने बंद केली. मोटर चालू करायची, स्वतः चालत शेवटच्या केळीपर्यंत जायचं, पाणी पोचलं का ते बघायचं आणि पुन्हा चालत मोटर बंद करायला यायचं. कुणी रेकॉर्ड करायला मोबाईल समोर धरला की तोंड मिटून घ्यायचा.

मी सदाला म्हटलं, जा आणि पाय धर. तो म्हणाला, दादाला विनोद कळतो, तू नको शिकवूस.

शेवटी दादाच आला, केळीचा घड घेऊन. मी सदाच्या घरीच बसलो होतो. बँकेत साहेबासमोर बोलावं तसं नीट, पुस्तकातलं मराठी तो सख्ख्या भावाशी बोलत होता. म्हणाला, "माझं सोंग काढलंस त्याचं काही नाही सदा. पण त्या बेडकाला थोडी अक्कल तरी द्यायची होतीस."

सदा म्हणाला, संवाद मी लिहीत नाही, माझा फक्त आवाज असतो. एवढंच बोलला गाढव. दादाने मान हलवली, चहा संपवला आणि येतो म्हणाला. त्यानंतर तो एव्हरशाईनला कधी आला नाही. डबकू मात्र वर्षानुवर्षं चालला. सदा प्रत्येक दिवाळीला ठरवायचा की या वेळी बोलायचंच, आणि फराळ खाऊन परत यायचा. दादा त्याच्याशी शुद्धच बोलत राहिला. गेल्या वर्षी झोपेतच गेला. मग सदा रडला, जेवण सोडलं, डबकूचं कामही सोडलं. बैल गेला नि झोपा केला.

वर्षश्राद्धाला तो मला सोबत घेऊन गेला. जेवणं उरकल्यावर माणसं ओटीवर टेकली. केयूरची मुलगी ऋतिका, शाळेत जायला लागलेली, आजोबा कसे बोलायचे म्हणून विचारत होती. केयूरने सगळे मोबाईल शोधले. दादाचे फोटो ढीगभर निघाले, आवाज कुठेच नव्हता. कुणीही सदाकडे बघेना.

प्रेमलावहिनीच म्हणाली, भावोजी, तुम्हाला येतो त्यांचा आवाज. बेडूक नको. ते मला जेवायला वाढ म्हणायचे ना, तेवढंच म्हणा एकदा.

सदा सरसावून बसला. इतक्या वर्षांत एवढं सोपं काम त्याला कुणी दिलं नव्हतं. त्याने घसा खाकरला आणि बोलला. डबकू बोलला. त्याने पुन्हा प्रयत्न केला, आवाज खाली आणला, शब्द कमी ओढला. पुन्हा डबकूच. डोळे मिटले, कपाळावर घाम आला, तरी येईना. भावाचा आवाज त्याच्या घशात राहिलाच नव्हता. ऋतिकाला ते माहीत असायचं काही कारण नव्हतं. तिने ओळखीचा बेडूक ऐकला आणि टाळ्या पिटत खदखदून हसली, अजून एकदा म्हणाली.

वहिनीने तिला जवळ ओढून घेतलं. मग सदाकडे बघून, जराही न रागावता म्हणाली, "राहू द्या भावोजी. हे जेवायला मागायचे तवा कोनी हसायचं नाय."