येशूला बोललेला नवस

"पाय उचला!" डॉक्टर ओरडत होते, आणि "उचललाय की!" म्हणून मी त्यांच्याहून मोठ्यानं ओरडत होतो. माझा आवाज असा, की असोद्यात हाक मारली तर सावद्याच्या ट्रकवाल्यानं ब्रेक लावावा. माझी बायको सुवार्ता हळूच म्हणाली, "अहो, पाय गादीवरच आहे."

मान वर करून पाहिलं. दोन्ही पाय घड उतरवून आडव्या केलेल्या केळीच्या खांबांसारखे पडलेले.

जळगावच्या त्या दवाखान्यात त्याच दिवशी आजाराचं नाव कळलं. जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम. शरीर राखायला ठेवलेली आपलीच फौज उलटते आणि आपल्याच नसा कुरतडते. बहुतेकदा पायांपासून सुरू होतं आणि वर चढतं. आधी मला हगवण झाली होती, मग तळव्यांना मुंग्या आल्या. मी म्हटलं, ओझी वाहून आल्या असतील, आणि तेल चोळत बसलो. तुम्ही बसू नका. मुंग्या वर चढायला लागल्या की सरळ दवाखाना गाठा.

मग तपासण्या. एनसीएस, म्हणजे नसांना विजेचे झटके देऊन त्या किती जाग्या आहेत ते बघणं. मणक्यातून पाणी काढलं. आयव्हीआयजी सुरू झालं, म्हणजे अनोळखी माणसांच्या रक्तातून काढलेलं बळ आपल्या शिरेत सोडणं.

रोज डॉक्टर सांगायचे, एका दमात आकडे म्हणा. ट्रकमध्ये घड चढवताना मी एका दमात अख्ख्या तालुक्याचा माल मोजलाय, हे त्या पोरसवदा डॉक्टरला कुठून ठाऊक. बारावर दम संपला. दुसऱ्या दिवशी आठवर. डॉक्टर म्हणाले, "छातीचे स्नायू थकतायत. श्वासाचं मशीन तयार ठेवतोय."

मरणाची भीती वाटलीच. पण त्याहून मोठी भीती दुसरी होती. स्वर्गाच्या दारातून देव मला आत घेईल का? आम्ही आजोबांपासून ख्रिस्ती. मंडळीत नाताळचा मंडप मी उभा करायचा. प्रीतिभोजनाचं भरीत मी करायचो, वांगी भाजली की धूर सातपुड्यातून दिसायचा. बाकं मी उचलायचो, एकेका हातात दोन. देवही मनात म्हणत असेल, हा नसता तर माझं कसं झालं असतं. आणि आता नाकावरची माशी हाकलता येईना. पुण्य करायचे हातच गेले, पापं मात्र सगळी येऊन छातीवर बसली.

मग खानदेशी माणूस करतो तेच मी केलं. नवस बोललो. येशूला. बरा झालो तर माझ्या वजनाइतकी केळी वाटीन. आकडा आठवरून सहावर आला, तसा मी एका ट्रकवर गेलो, मग दोन ट्रकवर. लिलावात एकटाच बोली चढवत होतो आणि समोरून हूं की चूं नाही. त्या शांततेइतकं भयंकर मी आयुष्यात काही ऐकलेलं नाही.

धुळ्याहून एसटीनं नाना आले. नाना आमच्या चर्चचे जुने पाळक. तुटक आवाजात मी त्यांना नवस सांगितला. म्हटलं, वर तुमचा शब्द चालतो, एवढं पटवून द्या.

"केळी उचलणार कोण?" नानांनी विचारलं.

"मी."

"आणि नाही उठलास तर?"

मी रडायला लागलो. पुसायला हात नव्हता. नानांनी उपरण्यानं डोळे पुसले, नाकही पुसलं. मग येशूच्या शेजारी वधस्तंभावर टांगलेल्या चोराची गोष्ट काढली. लहानपणापासून ऐकलेलीच.

"त्याचे हात खिळलेले, पाय खिळलेले. कोणतं बाक उचललं रे त्यानं? माझी आठवण ठेव म्हणाला, तेवढ्यावर त्याच दिवशी आत गेला." आणि मग त्यांच्या अहिराणीत, "बठ्ठं व्हई जायेल शे, भाऊ." सगळं होऊन गेलंय. तुझ्या वाटचं येशूनं केलंय.

मी नवस मागे घेतला. मनात म्हटलं, प्रभू, माझ्याकडे काही नाही, असाच घे. चमत्कार वगैरे झाला नाही. दुपारी आकडा चारवर आला आणि तोंडावर श्वासाच्या मशीनचा मास्क चढला. जीव घाबरतच होता. पण दारातून हाकलतील ही भीती गेली, ती परत आली नाही. तुमच्यातलं कोणी आज खाटेवर पडून देवाशी बोली लावत असेल, तर त्यानं ती थांबवावी. तिथे विकायला काही ठेवलेलंच नाही.

पुढे कितीतरी दिवसांनी, मास्क निघाल्यावर, एका सकाळी डाव्या पायाचा अंगठा हलला. मी अख्खा वॉर्ड उठवला. दोन पेशंट तर माझ्या आरोळीनंच बरे होऊन घरी गेले. नाना भेटायला आले तेव्हा मी ऐटीत सांगितलं की माझा विश्वासच एवढा जबर, अंगठ्याला हलल्यावाचून गत्यंतर नव्हतं.

नानांनी अंगठा पाहिला.

"हलला नसता तरी तू येशूचाच होतास," ते म्हणाले.