पद्माकरचं नाव छापून येतं

पद्माकर चांगला माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे मी जळूनच बोलणार आहे.

जर्मनीत इंगोलश्टाटला आम्ही एकाच ऑफिसात गिअरबॉक्सचे आवाज मोजतो. दर बुधवारी तो मला गाडीत घालून शुत्सेनफेराइनमध्ये, म्हणजे गावच्या नेमबाजीच्या क्लबात नेतो. दोघांच्याही घरी लोखंडी कपाटात एकेक रायफल आहे. नेम माझा बरा. जर्मनही माझंच बरं.

पण पेपरात नाव कुणाचं? त्याचं. बंदुका घरी ठेवू देऊ नका असं कुणी लिहिलं, की हा संपादकांना पत्र धाडतो: आम्ही नियम पाळतो, तपासायला कधीही या. ते छापून येतं, खाली नाव आणि गाव. क्लबातले म्हातारे कात्रणं बोर्डावर लावतात. बेकरीतली बाई त्याची चौकशी करते, माझ्याकडे फक्त सुटे मागते. मीही सात पत्रं पाठवली. एकही आलं नाही. अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

बायको, ऊर्मिला, म्हणाली, अहो, त्यांचंच तुम्ही पुन्हा लिहिता, पेपरवाल्यांनी दोनदा कशाला छापायचं?

मग मी उलट लिहिलं. मी स्वतः नेमबाज आहे, पण बंदूक घरी नकोच. कपाटाला कुलूप लावायला विसरणारे मी पाहिलेत. धादांत खोटं. एकही पाहिला नव्हता.

चौथ्या दिवशी पेपरातून फोन आला, पत्र तुमचंच ना, एवढं विचारायला. मी ‘गेनाऊ’, म्हणजे ‘अगदी बरोबर’, असा ओरडलो की ऊर्मिला स्वयंपाकघरातून धावत आली.

शनिवारी पेपर उघडला. एकाच विषयावरची दोन पत्रं, वर त्याचं, खाली माझं. तिथेही वर तोच, म्हणून आधी चरफडलो. मग वाचलं. त्याने लिहिलं होतं: ‘माझा मित्र श्रीरंग कुलूप लावल्यावर तीनदा ओढून बघतो. अशा माणसाच्या घरी बंदूक असली, तर शेजाऱ्यांनी भ्यायचं कशाला?’ पुढे माझं आडनाव, पूर्ण. त्याच्या खाली माझं पत्र, आणि सहीत तेच नाव.

दुपारी त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच शांत.

“श्रीरंग, नाव आलं रे तुझं. दोनदा.”

बुधवारी मी जोडे घालून खिडकीशी बसलो होतो. साडेसात वाजले, त्याची गाडी आली नाही.