वैद्याच्या पोथीची शिलाई

भुताखेताच्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. आजही कोणी तसलं सांगू लागलं की मी उठून जातो. पण हे माझ्याच मांडीवर घडलं... मला मोडी येत नाही, उर्दू तेवढी येते. म्हणून शेजारचे मास्तर मी सांगेन तसं लिहून घेताहेत.

तेव्हा अमरावतीत मी पुस्तकं बांधायचो. विलायतेला आपला कापूस हवा होता. दुकानासमोरून दिवसभर गाड्या जायच्या, कापसाचे तंतू माझ्या खळीत येऊन चिकटायचे. एक दिवस चांदूर बाजारहून गंगाबाई आली. तिचे वडील वैद्य, दिवाळीत वारलेले. त्यांच्या औषधांची मोडीत लिहिलेली सुटी पानं तिनं पुढ्यात ठेवली.

"चाचा, मजबूत शिवा. आता गावाले औषध मलेच द्या लागते."

दुसऱ्या दिवशी एका गाडीचे बैल उधळले, गाडी दुकानाच्या ओट्यावर आदळली आणि तिथं ठेवलेली पानं रस्ताभर उडाली. हरवलं एकही नाही. पण पानांवर आकडे नव्हते. कोणाला वाचायला सांगायची लाज वाटली — मी अंदाजानं लावली आणि शिवून टाकली.

सकाळी पाहतो तर मधली शिलाई उसवलेली. दोरा तुटला नव्हता. गाठ सोडलेली होती.

"उंदीर असन," बायको म्हणाली.

उंदीर गाठ सोडतो? पुन्हा शिवलं. पुन्हा त्याच जागी उसवलं.

तिसऱ्यांदा शिवून भर दुपारी पोथी मांडीवर घेऊन बसलो. दार बंद, वारा नाही. गाठ हलली... मग मेण लावलेला दोरा एकेका भोकातून बाहेर येऊ लागला. घाई नाही. म्हाताऱ्या बोटांनी ओढावा तसा, सावकाश.

गंगाबाई आली तेव्हा सगळं कबूल केलं. उसवलेल्या जागचं पान ती वाचू लागली आणि एका ओळीवर तिनं बोट ठेवलं.

"चाचा, हे बचनागाचं हाये. जहर! वातावर लेप म्हणून वरून लावाचं... तुमी हे पान तापाच्या काढ्याखाली लावलं. लेकराले पाजलं असतं ना मी!"

तिनं वाचलं, तशी मी पानं लावली, शिवली. ती शिलाई टिकली.

गाठ कोणी सोडली, मला माहीत नाही. मौलवींनी, मास्तरांनी आपापलं सांगितलं. एकही पटलं नाही. झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीनं. आकडे नसलेली कितीतरी पुस्तकं त्याआधी मी अशीच अंदाजानं शिवून दिली होती... त्यांतलं एकही उसवलं नव्हतं.