सुरूवर घातलेला आळ

माझ्याबद्दलचं सगळं आपल्याला ठाऊक आहे, असं माझी बायको शेवटपर्यंत समजत होती. हे एवढं सोडून. मुलांना कधी सांगितलं नाही, देवळात बसून मनातल्या मनातसुद्धा धड उच्चारलं नाही. मग तुम्हालाच का? नीट सांगता येणार नाही. तुम्ही आमच्या गावचे नाही, त्या माणसाला तुम्ही ओळखत नव्हता, एवढंच कारण असेल.

आमचं गाव माहीम. मुंबईतलं नव्हे, पालघरच्या पश्चिमेचं, केळव्याला लागून असलेलं. आमच्या वाड्या समुद्राला पाठ टेकून बसलेल्या. केळी, नारळ, सुपारी आणि त्यांच्या सावलीत विड्याच्या पानांचे मळे. पानवेल ही फार नाजूक जात आहे. तिला रोज पाणी हवं, आणि तेही गोडं. आणि समुद्र तर हाकेच्या अंतरावर! मग गोडं पाणी कुठून येतं, असं बाहेरचा माणूस हमखास विचारतो. तर ते जमिनीत खाऱ्या पाण्याच्या वर तरंगत असतं—दुधावर साय असते तसं. साय अलगद काढायची, खाली हात घालायचा नाही.

म्हणून आमच्याकडे विहीर खणताना खडपाचा थर लागला की थांबत. खडप म्हणजे वाळू आणि शिंपले घट्ट होऊन झालेला दगड. तो फोडायचा नाही. याला गावात कुणी नियम म्हणत नसे, पण मोडतही नसे. दर उन्हाळ्यात विहिरीतला गाळ काढायला शेजारीपाजारी येत, आळीपाळीने खाली उतरत, आणि ज्याची विहीर त्याच्याकडे त्या दिवशी पंगत. सगळे एकमेकांच्या विहिरीच्या तळाशी जाऊन आलेले असत. त्यामुळे लपवाछपवीला जागाच नव्हती.

एकोणीसशे साठच्या सुमारास रहाट जाऊन इंजिनं आली. रहाटाला जुंपलेला रेडा दमायचा, इंजिन दमत नव्हतं. विहिरी दुपारीच तळ दाखवायला लागल्या. तेव्हा मारुतीच्या देवळात बैठक बसली आणि ठरलं—इंजिन फक्त सकाळी चालवायचं, आणि खडपाला कुणी हात लावायचा नाही. हे ठरवून घेतलं हरीकाकांनी.

हरीकाका आमचे शेजारी, वडिलांचे जिवलग मित्र. त्यांची वाडी आमच्यापेक्षा समुद्राच्या बाजूला. माणूस सरळ, पण बोलायला लागला की ऐकणाऱ्याचा अंत पाहणारा. वाळू, वारा, पाणी—याखेरीज विषय नाही. त्याआधी काही वर्षं त्यांनी जंगलखात्याच्या माणसाच्या मागे लागून सुरूची रोपं आणवली होती आणि गावाला कामाला लावून किनाऱ्यावर लांबच लांब लावून घेतली होती. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे, सुरू नसेल तर वाळू एक दिवस वाडीत येईल आणि खारा वारा पानं जाळील. पहिली दोन वर्षं ते स्वतः कावडीने पाणी घालत होते. आम्ही तरुण पोरं हसायचो. पण झाडं जगली, उंच झाली, वारा अडायला लागला, आणि मग हरीकाकांना बोलायला आणखी एक विषय मिळाला. मला त्यांचा कंटाळा यायचा. हे कारण म्हणून सांगत नाही. पण तेही खरं आहे, म्हणून सांगतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो—येतो म्हणतो आणि टाळतो, तुमच्या लक्षात आलंच असेल.

तारापूरकडे तेव्हा मोठं बांधकाम सुरू झालं होतं. बोईसरला माणसांची रीघ लागली होती, नवी दुकानं, नव्या वस्त्या. माल खपत होता. वडिलांच्या पश्चात वाडी माझ्या हातात आलेली, वय तिशीच्या आतलं. मी भाताच्या तुकड्यातही पानमळा वाढवला. सगळ्यांनी सांगितलं, एवढं पाणी पुरायचं नाही. पुरवून दाखवतो, म्हटलं. मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस बेताचा झाला. नव्या वेली माना टाकायला लागल्या. गावातली माणसं कुंपणाशी थांबून बघायची, काही बोलायची नाहीत. ते न बोलणं मला सोसेना. पानं करपली असती तर काही उपाशी मरणार नव्हतो मी. फक्त तोंडघशी पडलो असतो.

त्या उन्हाळ्यात मी शेजाऱ्यांना गाळ काढायला बोलावलं नाही. म्हटलं, तुम्हाला कशाला त्रास, मी मजूर लावतो. बोईसरच्या कामावरचे उत्तरेकडचे तिघे आणले. हरीकाका पालघरला लेकीकडे बारशाला गेले होते, तो दिवस मी मुद्दाम धरला. गाळ निघाला, खडप उघडा पडला. त्या माणसांना आमच्या खडपाचं काय माहीत? मी वरून सांगितलं, फोडा. पहारी घातल्या त्यांनी. बराच वेळ काही नाही, मग एकदम खालून पाणी उसळलं. त्यांच्यातला एक वर बघून म्हणाला, "सेठ, नीचे तो बहुत पानी है।" मला केवढा आनंद झाला होता. तो आनंद मला अजून आठवतो, आणि तो आठवला की लाज वाटते.

खाली पुष्कळ पाणी होतंच. समुद्रच होता खाली.

एक हंगाम मी राजासारखा काढला. इंजिन सकाळीच चालवायचो—त्या बाबतीत मी ठराव काटेकोर पाळत होतो, बघा! पण पाणी संपतच नव्हतं, आणि होतंही गोडं; आजूबाजूच्या विहिरींची साय माझ्याकडे ओढली जात होती, हे नंतर कळलं. माझ्या पानांच्या टोपल्या स्टेशनवर सर्वांत जड असत. हरीकाकांनी एकदा पाठ थोपटून म्हटलंसुद्धा की बापाचं नाव राखलंस.

दिवाळीनंतर काकी आमच्याकडे हंडा घेऊन आल्या. हरीकाकांची बायको, फारसं न बोलणारी बाई. बायकोला म्हणाल्या, "आमच्या पाण्यात डाल शिजत नाय गो. चाय पन फाटते. दोन हंडे नेते तुमच्याकडशी." मी ओटीवर होतो. सगळं ऐकलं. त्यांची विहीर समुद्राकडची, खारं पाणी आधी तिथेच शिरणार. मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्याच वेळी भोक चिकणमातीने बुजवलं असतं, इंजिन बंद ठेवलं असतं, तर काही वाचलं असतं का? कदाचित. मी काय केलं, तर काकींना हंडा उचलू लागलो.

उन्हाळ्यापर्यंत आमच्या ओळीतल्या सगळ्या विहिरी मचूळ झाल्या. माझी सर्वांत शेवटी. पानांच्या कडा तपकिरी व्हायच्या, मग पान गळायचं. माणसं घाबरली. पुन्हा मारुतीच्या देवळात बैठक बसली. हरीकाका उभे राहिले. नेहमीसारखं लांबवलं नाही. म्हणाले, "कुनीतरी खडप फोडला हाय. मी आरोप करत नाय. उद्या सगल्यांच्या विहिरी उपसू, एकेकात उतरून बघू. माज्यापासून सुरू करा."

आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "वसंता, तू शिकलेला हायस. तू सांग यांना."

मी मॅट्रिक होतो. त्या बैठकीत तेवढंही पुष्कळ होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काय करता आलं असतं, याचा हिशेब मी नंतर अनेकदा केला आहे, पण त्या क्षणी मी विचार केला असं म्हणणं खोटं होईल. तोंडातून आपोआप निघालं. मी म्हटलं की, काका, तुमच्याच विहिरीत मागच्या खेपेला सुरूची मुळं सापडली होती ना? खरंच सापडली होती. केसांसारखी तांबूस मुळं, त्यांनी स्वतःच वर आणून दाखवली होती. मी म्हटलं, एवढी झाडं, एवढी उंच, वर्षभर हिरवीगार. ती पाणी कुठलं पितात? वरचं गोडं पाणी झाडांनी प्यायलं, मग खालचं खारं वर येणार नाही तर काय होणार?

बोलताना माझा आवाज अगदी शांत होता. मलाच नवल वाटलं.

लोकांना पटलं. का पटणार नाही? विहिरी उपसण्यापेक्षा ते सोपं होतं. शिवाय सुरूचं लाकूड जळणाला चांगलं, केळीला टेकू द्यायला चांगलं. कित्येकांचा त्याच्यावर डोळा होताच. कुणीतरी म्हणालं, सुरू येण्याआधी पाणी कधी खारं झालं नव्हतं. तेही खरंच होतं. मी फक्त सुरुवात करून दिली, पुढचं गावाने पुरं केलं. हरीकाका खाली बसले. एवढ्या वर्षांत बैठकीत त्यांना न बोलता बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

तोड सुरू झाली त्या सकाळी मी गेलो होतो. न जाणं बरं दिसलं नसतं. पहिली कुऱ्हाड हरीकाकांनी घातली. कुणी सांगितलं नव्हतं. लावली मी, तर तोडीन पण मीच, असं म्हणाले म्हणे. मला ऐकू आलं नाही. नंतर वाटण्या झाल्या. माझ्या वाट्याला आलेलं लाकूड मी घरी आणलं आणि दोन पावसाळे जाळलं.

विहिरी गोड्या झाल्या नाहीत. त्या होणारच नव्हत्या. उलट दुसऱ्या वर्षी वारा मोकळा सुटला. वाळू आधी हरीकाकांच्या कुंपणात आली, मग केळीत. काही जण पानमळे मोडून बोईसरला कामावर लागले. मीसुद्धा पानवेल सोडून नारळावर आलो. नारळ खारं पाणी सोसतो. पुढे जंगलखात्याने पुन्हा सुरू लावला, तो आज उभा आहे. लहान मुलांना त्याखाली खेळताना बघतो मी. बरं वाटतं आणि वाटू नये असंही वाटतं.

पण मला सांगायचं होतं ते हेही नाही. म्हणजे हे आहेच. पण याच्याही पुढचं आहे.

झाडं तुटल्यावर मी माझ्या विहिरीतलं भोक बुजवलं. एकट्याने, दिवसाढवळ्या, गाळ काढतो आहे असं दाखवून. आधी दगड, वर चिकणमाती, वर वाळू. चांगलं काम झालं. आणि पुढच्या उन्हाळ्यात, जुन्या पद्धतीप्रमाणे, मी शेजाऱ्यांना गाळ काढायला बोलावलं. आता बोलावायला हरकत नव्हती.

हरीकाकाही आले. वर्षभरात फार थकले होते, पण खाली उतरायचा हट्ट धरला. माझ्या विहिरीच्या तळाशी, बरोबर त्या बुजवलेल्या जागेवर उभे राहून ते घमेली भरून देत होते आणि मी वरून दोर ओढत होतो. त्यांना काही कळलं नाही. कळलं असतं तर मला दिसलं असतं.

दुपारी पंगत बसली. मी वाढत होतो. हरीकाकांनी हात थांबवला आणि सगळ्यांसमोर बोलायला लागले. "माज्या हट्टानं गावाचं पानी गेलं. सुरू लावा म्हनून मीच सगल्यांच्या मागं लागलो. वसंतानं सांगितलं नसतं तर मला कललंच नसतं. तुमी सगल्यांनी पोटात घाला. वसंता, तू पन."

भाताचं पातेलं माझ्या हातात होतं. मी त्यांच्या पानावर वाकलो, भात वाढला आणि म्हटलं, "जाऊ द्या काका. झालं ते झालं. आमी काय मनात ठेवलं नाय."

त्यांचे डोळे भरून आले. मग ते खाली बघून जेवायला लागले, आणि पोटभर जेवले.

झाडं तुटली होती, भोक बुजलं होतं, मला कुणी काही विचारत नव्हतं. कसलीही भीती राहिली नव्हती. त्या दुपारी मी हरीकाकांना माफ केलं.