उतारावर बंद केलेली चावी

तिसऱ्या आठवड्यातही गाडी चौथ्या फेरीला मान टाकत होती. मी हिंजवडीच्या ऑफिसात स्क्रीनसमोर बसून तिच्या नावाने बोटं मोडत होते.

२००९ साल. देशभर विजेवरच्या गाड्या आणायच्या तर सुरुवात कुठून करायची, याचा आराखडा दिल्लीत तयार होत होता. त्यातलं एक प्रकरण आमच्या कंपनीकडे होतं: खेड्यातल्या रस्त्यांवर या गाड्या चालतील का? त्यासाठी मुळशी ते पौड रस्त्यावर विजेवरची एक तीनचाकी ट्रायलला दिली होती. चालवायचे मुळशीचे बबनराव. त्याआधी पंधरा वर्षं त्यांनी डिझेलची सहा आसनी रिक्षा चालवली होती. अट सरळ होती. लोडशेडिंगमुळे दिवसा चार्जिंगचा भरवसा नाही, म्हणून एकदा चार्ज केलेल्या गाडीने दिवसात चार फेऱ्या काढायच्या. काढल्या तर रस्ता आराखड्याच्या पहिल्या टप्प्यात आणि गाडी बबनरावांकडेच. नाही तर गाडी परत.

बबनराव दर शनिवारी फोन करायचे.

"म्याडम, धरण आमच्या दारात अन् लाइट ममईला. निदान ही गाडी तरी ऱ्हाऊ द्या."

एकदा म्हणाले, "पंधरा वर्सं कानापाशी इंजिन हुतं. परवा मागं बसलेल्या बाया काय बोलत्यात ते पयल्यांदा कळलं. लई वंगाळ बोलत्यात ओ माझ्याबद्दल!"

गाडी राहावी असं मलाही मनापासून वाटायचं. मी मूळची परभणीची, मारुंजीत भाड्याच्या खोलीत राहणारी. खोली ते ऑफिस, ऑफिस ते खोली, कंपनीच्या कॅबने. भातखाचरांमधून आवाज न करता जाणारी ती गाडी मी मनातल्या मनात रोज चालवायची. रस्ता मात्र एकदाही पाहिला नव्हता.

गाडीत डेटा लॉगर होता. म्हणजे वेग आणि बॅटरी दर सेकंदाला टिपणारी डबी. चावी बंद झाली की डबीही बंद. प्रत्येक फेरीत नेमक्या त्याच तीन-चार जागी नोंदच नसायची. मी म्हटलं, माणसं चढत-उतरत असतील, तेवढा वेळ चावी बंद. रस्त्यात कुणीही हात दाखवला की गाडी थांबते, हे आमच्या परभणीकडेही तसंच. तरी साहेबांना विचारलं. आमचे टीम लीड, साठे सर.

"सर, एकदा जाऊन बघू का?"

"कशाला? डेटा आहे ना?"

"मधे गॅप्स आहेत."

"क्लीन कर. शुक्रवारी सबमिशन आहे."

क्लीन करणं म्हणजे मोकळ्या जागा काढून उरलेलं सांधणं. मी सांधलं. निष्कर्ष लिहिला: चढ-उताराच्या रस्त्यावर या गाडीची रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापलेलं अंतर, अपुरी पडते. रिपोर्ट दिल्लीला गेला.

पुढच्या आठवड्यात गाडी परत आणायला टेंपो निघाला, तेव्हा मी हट्टाने सोबत गेले. बबनरावांनी गाडी धुऊन, हळदी-कुंकू लावून ठेवली होती. लेक सासरी पाठवावी तशी.

"बसा म्याडम. येक फेरी मारू, मग न्या."

चढ संपला. माथ्यावर येताच बबनरावांचा हात चावीकडे गेला. खट्. बॅटरीचा मीटर विझला. गाडी आपली आपण उताराला लागली.

"चावी का बंद केलीत?"

"उताराला कशाला जाळायचं? गाडी फुकट पळतीय की!"

डिझेलच्या गाडीत ही बचतच. पण या गाडीची मोटर उतारावर उलट काम करते, चाकांच्या जोरावर थोडी वीज परत बॅटरीत भरते. फक्त चावी चालू हवी. मी ज्यांना थांबे समजले, ते उतार होते.

पुढच्या उताराला मी चावी बंद करू दिली नाही. खाली पोचलो तेव्हा मीटरवरची एक कांडी वाढली होती. बबनराव मीटरकडे बघतच राहिले.

"म्हंजी माझ्यापायी गेली व्हय गाडी?"

"नाही. माझ्यामुळे. मी तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि यायला हवं होतं."

तिथूनच साठे सरांना फोन लावला.

"रिपोर्ट गेला गं. पुढच्या फेजला बघू."

"सर, आत्ता कळवलं तर..."

"चुकलं म्हणून कळवायचं दिल्लीला?"

मी कळवलं, माझ्या नावाने. उत्तर आलं नाही. आराखड्यात आमच्या वाट्याला एकच ओळ आली: डोंगराळ ग्रामीण रस्ते नंतरच्या टप्प्यात. चौथी फेरी नक्की निघाली असती का, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण निघणार नाही, असं लिहून मात्र बसले होते.

तेव्हापासून डेटात मोकळी जागा दिसली की मी आधी चपला घालते.

वर्षभराने सुट्टीच्या दिवशी मुळशीला गेले. बबनराव पुन्हा डिझेलवर होते. त्यांच्या शेजारी बसले. कानठळ्या बसत होत्या. माथा आला, उतार लागला. त्यांचा हात चावीकडे गेला नाही. इंजिन तसंच धडधडत राहिलं.

मी ओरडून विचारलं, "बबनराव, उगाच डिझेल का जाळताय?"

"हाताची सवय मोडतोय," तेही ओरडून म्हणाले. "ती गाडी परत आली, तर चूक नगं व्हायला."