न ऐकलेला रकाना

माझे डोळे जात होते तेव्हाची गोष्ट. डॉक्टर म्हणाले होते, हे थांबणार नाही. किती वेगाने जातील ते मात्र सांगता येत नाही. मी कोपरखैरण्याहून बसने उरणजवळच्या एका गोदामात कामाला जायचे. कंटेनरचे कागद कॉम्प्युटरवर तपासायचे आणि कुठला यार्डात कुठे ठेवायचा ते कळवायचं. पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर कंपनीनेच विकत घेऊन दिला होता. गोदामाचं सॉफ्टवेअर जुनं. त्यातला प्रत्येक रकाना बोलावा म्हणून विक्रेत्याच्या माणसाने दोन दिवस बसून तो जुळवला होता.

वर्ष संपलं, रीडरचं लायसन्सही संपलं. साहेब म्हणाले, "मॅडम, घरी तुम्ही फुकटवालाच वापरता ना? तुम्हीच सांगत होता, मस्त आहे म्हणून."

खरंच सांगत होते. पेपर, मेल, बँक, सगळं मी त्याच्यावरच करायचे. आता नाही कसं म्हणणार? शिवाय त्या दिवसांत नोकरीत जास्तीचं काही मागायची भीतीच वाटायची. मीच तो ऑफिसच्या कॉम्प्युटरवर घातला. आवाज ओळखीचा, काम भराभर होऊ लागलं. जरा जास्तच भराभर.

अकराव्या दिवशी दुपारी यार्डातले एक जुने कामगार दारात आले. इथल्याच गावातले. "ताई, कॅन्टीनच्या भिंतीला लावलेला डबा कसला हाय? वास येतंय. डोलं चुरचुरतान."

मी त्या कंटेनरची नोंद पुन्हा ऐकली. "साधा माल आहे, काका."

ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. पडद्याकडे वाकले. मग हळूच म्हणाले, "ताई, हितं तर लाल अक्षरान 'धोका' लिवलंय."

मी बाणाचं बटण दाबलं. रीडर एका रकान्यावरून सरळ पलीकडच्या रकान्यावर गेला. पुन्हा दाबलं. तसंच. मधे काही आहे याची साधी खूणही नाही. अकरा दिवस मी तो रकाना ऐकलाच नव्हता. जेवणाची सुट्टी चालू होती. कॅन्टीनमधून ताटांचे आवाज येत होते.

साहेबांना सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं. "गपचूप हलवू या. कोणाला बोलू नका."

"अकरा दिवसांचे सगळे तपासावे लागतील," मी म्हटलं, आणि जागेवर येऊन सेफ्टीवाल्यांना आणि हेड ऑफिसला मेल केला.  कॅन्टीन रिकामं केलं गेलं. असे आणखी दोन कंटेनर सापडले. एक विजेच्या डीपीला खेटून उभा होता.

काकांना दोन दिवस खोकला राहिला. बाकी कोणाला काही झालं नाही. विकतचा रीडर आठवड्यात परत आला. घरी अजून फुकटचाच आहे, त्याच्यावर माझा राग नाही. न तपासता घातला, ती चूक माझीही होती. आता रीडर कुठलाही असो, डोळस माणसाला शेजारी बसवून मी एकेक रकाना ताडून घेते.

साहेब तेव्हापासून कामापुरतंच बोलतात. गेल्या महिन्यात म्हणाले, नवं सॉफ्टवेअर येतंय.

"त्यात माझा रीडर चालेल?"

"बघू," ते म्हणाले. त्यांचा चेहरा मला दिसला नाही. आता कोणाचाच दिसत नाही.