ज्या घरी मी गेले नव्हते

मंगळवारी ताई गेल्या. तिसऱ्या तासाला त्यांच्या पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, एका बाईने शाळेच्या फाटकाशी येऊन सांगितलं. मी रजिस्टर मिटलं आणि ऑटोने भनपुरीच्या वस्तीत गेले. तिथे उतरल्यावर ताईंचं घर कुठलं, हे मला विचारावं लागलं.

चार वर्षं मी दर शनिवारी त्यांच्याबरोबर त्या वस्तीत हिंडत होते.

शाळेत मी समुपदेशक आहे. जी मुलं यायची थांबतात त्यांच्या घरी जाऊन आईवडिलांशी बोलणं, हा माझ्या कामातला मला सर्वांत जड जाणारा भाग. मी बोलकी नाही. वडील रेल्वेच्या नोकरीपायी नागपूरहून इकडे हिंदी मुलखात आले आणि मी पुस्तकांच्या आडोशाला वाढले. सुरुवातीला मी पालकांना शाळेत बोलावण्याची चिठ्ठी पाठवत असे. वेळ सकाळी अकराची. अकराला ते गोदामात पोती उचलत असत. कोणी येत नसे, आणि मी अहवालात ‘पालक उदासीन’ असं लिहीत असे.

मग मी घरोघर जाऊ लागले, तरी कोणी धड बोलेना. ताई आमच्याच एका विद्यार्थिनीची आई, गोंदियाकडच्या; दोन घरची भांडी करायच्या. तीन दारांवरून मला परतताना त्यांनी पाहिलं आणि चौथ्याच्या आधी अडवलं.

“दीदी, तुमी लोकायच्या घरचं पानी काहून नाही पेत?”

“माझ्याजवळ बाटली आहे ना.”

“तेच तं! घरी आल्या मानसाले इथं आधी लोटाभर पानी देतेत. तुमी हात हालवता अन् बाटली काढता. त्यायले वाटते, बाई सर्वे करून राहिली. नाव लिहून घेईन अन् चालली जाईन.”

मी बाटली घरी ठेवू लागले. पाणी प्यायल्यावर बायका बोलू लागल्या. मुलं का येत नाहीत ते तेव्हा कळलं: वस्तीतल्या मुलांना मागच्या बाकांवर वेगळं बसवत होते, आणि हे मला शाळेत असून माहीत नव्हतं. ताई पाच आयांना घेऊन शिक्षकांच्या खोलीत आल्या. एक सर कुरकुरले, की आधी यांनाच शिकवायला हवं. ताई खुर्चीत नीट बसल्या. “सर, खुर्ची तं देली, आता चहा बी सांगा. बोलनं लंबं हाये.” त्या आठवड्यात बाकं बदलली.

वरिष्ठांनी माझ्या अहवालावर ‘समुदायाचा सहभाग उत्तम’ असा शेरा दिला. शंकर नगरमधल्या एका प्रशिक्षणात मला त्याबद्दल बोलायला उभं केलं. मी ‘समुदाय’ म्हणत राहिले. तो समुदाय म्हणजे एका बाईचे पाय होते.

गेलं वर्षभर ताई गल्लीच्या तोंडाशी दगडावर टेकत. “तुमी व्हा पुढं, मी येतो मागून.” मी पुढे होत असे. आत जाऊन विचारत असे, घरात कोणी आजारी आहे का. फॉर्मवर तो प्रश्न छापलेला होता. ताईंच्या घरचा फॉर्म मी कधी भरलाच नाही. त्यांची मुलगी रोज शाळेत येत होती.

किडनी, असं शेजारणीने सांगितलं. वर्षापासून दवाखान्याच्या फेऱ्या चालू होत्या. पाऱ्यात सगळ्यांना ठाऊक होतं.

तेरवी झाली, तरी मुलगी शाळेत आली नाही. तिचं दहावीचं वर्ष. मी एकटी गेले. ती पोळ्या लाटत होती, धाकटी बहीण तिच्या पदराला, म्हणजे ओढणीला, धरून बसली होती. वडिलांनी स्वतः पाणी आणून दिलं. दर घरी बोलते ते सगळं मी बोलले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“तुमचं बराबर हाये, मॅडम. दुसऱ्याच्या पोरीसाठी हिची आई हेच बोले, मी आयकलं हाये. पन मी सहाला गोदामात जातो. लहानीले कोन पाहीन?”

मी त्या पाच आयांबद्दल बोलले. त्या आळीपाळीने धाकटीला सांभाळतील, असं मी म्हणाले.

“त्या हिच्या आईच्या शब्दावर येत होत्या,” ते म्हणाले. “तुमच्या नाही.” आवाजात राग नव्हता.

तरी मी पाचही दारं केली. सगळ्यांनी पाणी दिलं, सगळ्यांनी मान हलवून “हव दीदी” म्हटलं. दोन आठवडे वाट पाहिली. कोणी गेलं नाही. त्यांच्याही घरी लहान मुलं होती, त्यांनाही कामावर जायचं होतं. नाही म्हणायचं कसं, एवढाच त्यांच्यापुढे प्रश्न असावा.

परत गेले तेव्हा मुलगी मला दारापर्यंत सोडायला आली. माझ्याशी ती हिंदीतच बोलते.

“मैम, मेरा नाम मत कटने दीजिए. बस.”

नाव पटावर आहे. बोर्डाचा फॉर्म मी भरला आहे, पण हजेरी कमी पडते म्हणून तिला बसू देतील की नाही, हे मुख्याध्यापिका अजून सांगत नाहीत. शनिवारी संध्याकाळी पाचला मी त्यांच्या घरी जाते आणि धाकटीला मांडीवर घेते. तेवढ्या वेळात मोठी गणितं सोडवते. सहाला तिला चूल पेटवायची असते. आठवड्याला तो एक तास आहे.